पालकातलं जिरं, सेव्हिलमधली एक रात्र

स्पेनमधल्या सेव्हिलला ग्रुप नेते तेव्हा रात्रीच्या जेवणाची जागा मी आधी स्वतः बघून येते. टूर मॅनेजरला तेवढं करावंच लागतं, कारण निम्मी मंडळी शाकाहारी असतात. त्या दिवशी एजंटनं सुचवलेलं ठिकाण कॅथेड्रलच्या अगदी जवळ होतं. दारात पाएयाच्या रंगीत फोटोंचा फलक, आत फ्लामेंकोची पोस्टर्स. पाएया हा मूळचा व्हॅलेन्सियाचा, दुपारी खायचा भात. तापास बारमध्ये, म्हणजे पेयाबरोबर छोट्या छोट्या डिशेस मिळतात तिथं, तो दिवसरात्र दहा प्रकारांत मिळायला लागला की मला शंका येते.

मी तोर्तिया मागवली. बटाट्याचं हे जाड ऑम्लेट स्पेनभर मिळतं, म्हणून पारखायला तेच बरं. बटाटा ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवतात, आणि ताजी तोर्तिया कापली की आत ओलसर असते. माझ्यापुढचा तुकडा कडांना चटका बसेल इतका गरम आणि मध्ये गार होता, म्हणजे आधीच करून ठेवलेला आणि मायक्रोवेव्हमध्ये तापवलेला. मी बुकिंग रद्द केलं.

रात्री सगळ्यांना एल रिंकोन्सियोत नेलं. १६७० पासूनचा हा बार. हिशेब अजून लाकडी काउंटरवर खडूनं मांडतात. शाकाहाऱ्यांसाठी पालक-छोले सांगितले, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस. लसूण आणि पाव तळून जिऱ्याबरोबर खलात कुटायचा, त्यात व्हिनेगर, आणि हे वाटण पालकाला लावायचं. सेव्हिलचा हा अगदी घरोघरचा पदार्थ.

एका काकांनी घास घेतला आणि प्लेट बाजूला सारली. “ताई, हे आपल्यासाठी मुद्दाम केलंय ना? जिरं आहे यात. खरं स्पॅनिश मागवा की! सकाळचे ते तिखट सॉसमधले बटाटे कसे होते!”

मला राहवलं नाही. म्हटलं, “काका, या शहरावर ७१२ ते १२४८ अरबी-बर्बर मुसलमानांचं राज्य होतं. जिरं त्यांच्या स्वयंपाकातलं. तुमचे ते बटाटे आणि ती मिरची अमेरिकेतून आली, कोलंबसानंतर. १५०३ साली अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराची कचेरी इथंच, सेव्हिलमध्ये उघडली. आपल्याकडेही मिरची पोर्तुगिजांनीच आणली.” काका म्हणाले, “म्हणजे बटाट्याआधीपासून हे जिरं खातायत?” आणि प्लेट पुन्हा ओढून घेतली.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या जिभेला जे अनोळखी तेच अस्सल, असं धरून चाललं तर अंडालुसियाचा, म्हणजे सेव्हिलच्या या दक्षिण प्रांताचा, अर्धा स्वयंपाक हातून निसटतो. तो फोटोंचा फलक याच समजुतीवर चालतो.

एकाच जागी पोट भरायचं नाही, बार बदलत जायचं, ही इथली रीत. पुढच्या बारमध्ये तळलेल्या वांग्याच्या कापांवर मिएल दे कान्या घालून आली. कोल्हापूरच्या काकू बोट लावून चाखताच म्हणाल्या, “अगं, ही तर काकवी!” काकवीच. ऊसही इथं अरबांबरोबरच आला, आणि मालागाजवळ फ्रिहिलियाना गावात ती अजून बनते. दोन दिवसांनी किनाऱ्यानं ग्रानादाकडे जाताना काकूंच्या आग्रहावरून ड्रायव्हरनं बस तिथं वळवली आणि सगळ्यांनी बाटल्या घेतल्या.