मार्च ते मे: जिल्ह्याचा अंदाज आपल्या शिवारात कसा उतरवायचा

'बेळगाव जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस.' मार्च उजाडला की मोबाइलवर हे वाक्य येऊ लागतं. कणकुंबीच्या काजूवाल्याला तेच, अथणीच्या बेदाणावाल्यालाही तेच. प्रत्यक्षात कणकुंबी सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि तिथे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अथणीत वर्षाचे पाच-सहाशे झाले तरी पुष्कळ. या दोन टोकांना एकच वाक्य लागू करणं धोक्याचं आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. म्हणून 'तुरळक' वाचून घाबरायचं नाही, आणि पाऊस आला नाही म्हणून अंदाज खोटा ठरला असंही म्हणायचं नाही. चारांतल्या तीन गावांत तो येणारच नव्हता. 'मध्यम पाऊस' म्हणजे २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिमी, 'जोरदार' ६४.५ पासून पुढे. दिवस मोजला जातो सकाळी साडेआठ ते साडेआठ, त्यामुळे मंगळवारी संध्याकाळचा वळीव बुधवारच्या आकड्यात दिसतो. यावरून गावोगावी वाद होतात.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. आपण बातम्या बघतो महाराष्ट्राच्या, पण बेळगावचा इशारा निघतो बेंगळुरूच्या हवामान केंद्रातून, 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या विभागाखाली. कोल्हापूर, सांगली 'मध्य महाराष्ट्रा'त येतात, कारवार 'किनारी कर्नाटका'त. हवेला मात्र या रेषा ठाऊक नाहीत. निपाणी-चिकोडीवाल्यांनी बेंगळुरूच्या इशाऱ्याला कोल्हापूरचा जोडावा, अथणी-रायबागवाल्यांनी सांगली आणि विजापूरचा, खानापूर-जांबोटीवाल्यांनी गोवा आणि कारवारचा. दोन्हीकडे पिवळा इशारा असेल तर शक्यता पक्की धरा.

आता वळीव मुळात येतो कसा ते बघू. मार्च संपता संपता विदर्भाकडून उत्तर कर्नाटकातून दक्षिणेकडे कमी दाबाची लांबट पट्टी तयार होते. तिच्या पश्चिमेला वायव्येचे वारे, पूर्वेला बंगालच्या उपसागरावरून आलेले दमट वारे. पट्टी आपल्या डोक्यावर सरकली की दुपारी ढग उभे राहतात. तेलंगणाकडे सरकली की आपल्याकडे नुसतं कोरडं ऊन. रोजच्या बुलेटिनमध्ये या पट्टीचा उल्लेख असतो आणि लोक नेमकी तीच ओळ गाळतात. माझ्या मते आकड्यांपेक्षा ती ओळ जास्त कामाची.

घाटाजवळ याला समुद्रावरच्या वाऱ्याची जोड मिळते. दुपारी अरबी समुद्राचा वारा घाट चढून वर येतो आणि पठारावरच्या तापलेल्या हवेला भिडतो. ही भेट जिथे होते तिथे ढग फुगतात, बहुधा एक-दोन वाजता, आणि तीन ते सातच्या दरम्यान कोसळतात. बेळगावात एप्रिलमधली संध्याकाळ गार होते ती याच वाऱ्याने. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, अथणी ५५० च्या आसपास. नुसत्या उंचीने दीड-दोन अंशांचा फरक पडतो. अथणीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बेळगाव ३६-३७ वर असतं. हा बाकीचा फरक समुद्रावरच्या वाऱ्याचा, आणि तो गोकाक-अथणीकडे जाईपर्यंत दमलेला असतो.

आकाश वाचायला जुनी खूण अजून खरी आहे: वळीव बहुतेकदा उगवतीकडून येतो, मान्सून मावळतीकडून. सकाळीच घाम सुटत असेल, अकराच्या आत फुलकोबीसारखे ढग दिसत असतील आणि दुपारी वारा अचानक पडला असेल, तर संध्याकाळची कामं आवरती घ्या. पाठोपाठ धुळीचा गार झोत आला की पाऊस पंधरा-वीस मिनिटांवर आहे असं समजा.

पणजीचं डॉप्लर रडार आपल्याला फार उपयोगी आहे, पण सर्वांना सारखं नाही. बेळगाव तिथून हवाई अंतराने ऐंशी-नव्वद किलोमीटर. रडारचा सर्वात खालचा झोत इथे साधारण एक किलोमीटर उंचीवरून जातो, म्हणून वळवाचा ढग स्वच्छ दिसतो. अथणीवर तोच झोत पावणेचार-चार किलोमीटर उंच असतो. तिथे ढगाचा फक्त वरचा भाग दिसतो, तळाशी काय चाललंय ते कळत नाही. चित्रात ४० डीबीझेडच्या (ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या जोराचं माप) वरचा रंग म्हणजे जोराचा पाऊस, ५५ च्या वर गेला की गारांचा संशय घ्यावा. एकच चित्र बघू नका. अर्ध्या तासाची तीन-चार चित्रं लागोपाठ बघितली की ढग कुठे सरकतोय ते कळतं. गारा मार्च-एप्रिलमध्ये जास्त, कारण तेव्हा वरची हवा अजून गार असते; मे उतरताना त्या वाटेतच विरघळतात.

या दिवसांत सर्वात जास्त जीव टांगणीला असतो तो बेदाण्यावाल्यांचा. लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेली द्राक्षं रॅकवर पसरली की वाळायला पंधरा-अठरा दिवस लागतात. पहिले पाच-सहा दिवस नाजूक. द्रावणाने सालीवरचं मेण सैल झालेलं असतं, त्यामुळे आतलं पाणी लवकर निघतं, पण दमट हवेत वाळणं थांबतं, मणी तपकिरी पडतो आणि बुरशी धरते. पावसात बाजूचे पडदे सोडायचेच. मात्र पाऊस थांबल्यावर ते रात्रभर तसेच ठेवणं ही नेहमीची चूक. आत कोंडलेला दमटपणा शिंतोड्यांपेक्षा जास्त माल काळा करतो. थेंब थांबताच वाऱ्याच्या बाजूचे पडदे वर करा. मार्चच्या शेवटी छाटून टाकलेला माल थेट वळवाच्या तोंडी जातो, म्हणून त्या आठवड्यात पाच दिवसांचा अंदाज बघूनच काढणी ठरवावी.

रायबाग-चिकोडीकडे शिजवून वाळत घातलेल्या हळदीला ताडपत्री हाताशी हवी, एवढंच. खानापूर भागात पडलेले काजू रोजच्या रोज वेचा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवल्याशिवाय पोत्यात भरू नका, नाहीतर गर डागाळतो.

विजेबद्दल मात्र थोडीही ढिलाई नको. वीज दिसल्यावर सेकंद मोजा; तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडाट आला की पक्क्या घरात जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. बांधावरचं एकटं चिंचेचं किंवा आंब्याचं झाड हा आडोसा नव्हे. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अॅप मोबाइलमध्ये ठेवावंच.

भातवाल्यांसाठी हिशेब असा: एक मिमी पाऊस म्हणजे गुंठ्याला सुमारे १०० लिटर, एकराला ४००० लिटर पाणी. नांगरट-कुळवणीला २५-३० मिमीचा एक वळीव पुरतो. धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेल्या, पेरणीचं गणित वेगळं. सूर्य साधारण २५ मेला रोहिणीत जातो, मृग ७-८ जूनला लागतो. पेरणी याच मधल्या काळात होते. बी तीन-चार सेंटिमीटर खोल, पूर्ण कोरड्या मातीत पडलं तर ते थांबून राहतं. दहा-पंधरा मिमीची सर आली आणि नंतर आठवडाभर ऊन पडलं की कोंब येऊन वाळतो, आणि दुबार पेरणी डोक्यावर बसते. म्हणून पेरणीच्या तोंडावर पूर्वेकडून ढग येत असतील, गडगडाट चालू असेल, तर अजून वळीवच आहे असं समजा आणि बी घरात ठेवा. वारा रात्रंदिवस मावळतीचा झाला, गडगडाट कमी झाला, ढग खालून सरकू लागले की कुरी (पेरणीची पाभर) काढा.