बान्फचा हिवाळा: स्की प्रशिक्षक कोर्स निवडणाऱ्यांसाठी

गॅप इयरमध्ये, म्हणजे शिक्षणातून घेतलेल्या वर्षभराच्या सुट्टीत, स्की प्रशिक्षक व्हायचं ठरलं की सगळे आधी डोंगरांचे फोटो बघत बसतात. मी कॅनडात बान्फला हिवाळाभर राहून कोर्स केला आणि माझं मत पक्कं झालं: कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहायला किती मिळणार, हे आधी विचारा.

बान्फची सोय उत्तम आहे. गाव नॅशनल पार्कच्या आतच, आणि नॉर्क्वे, सनशाइन व्हिलेज, लेक लुईस या तिन्ही स्की रिसॉर्टना बसने जाता येतं. नॉर्क्वे गावाला अगदी लागून. सनशाइनला गोंडोलाने (तारेवरच्या बंद पाळण्याने) वर जावं लागतं. लेक लुईस लांब, पण पसारा मोठा. थंडी मात्र उणे 25 च्याही खाली उतरते. बोटांचे ग्लव्ह्ज पुरत नाहीत, मिटन्स (चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे) घ्या.

प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या कॅनेडियन स्की इन्स्ट्रक्टर्स अलायन्सच्या चार लेव्हल आहेत. पहिली झाली की नवशिक्यांना शिकवता येतं, दुसरी झाली की थोडं जमायला लागलेल्यांना. गॅप इयरवाले साधारण या दोनच करतात. पुढे फ्रान्समध्ये शिकवायचं मनात असेल तर तिथले नियम फार कडक आहेत. पूर्ण पात्रतेसाठी युरोटेस्ट द्यावी लागते, म्हणजे घड्याळ लावून घेतली जाणारी जायंट स्लॅलमची (खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीची) परीक्षा. वर्ष मधूनच सुरू होत असेल तर न्यूझीलंड बघा, तिथला हंगाम जून ते ऑक्टोबर.

सुरुवातीला आमचं स्कीइंग पार मोडून पुन्हा बांधलं गेलं. चांगले वेगात उतरणारेही स्नोप्लाऊवर (स्कीची टोकं जवळ आणून हळू उतरायच्या नवशिक्या पद्धतीवर) परत आले, हातातल्या काठ्या, म्हणजे पोल्स, काढून घेतले गेले. पण खरं शिकणं मुलांच्या वर्गात झालं. एक मुलगी बूट दुखतो म्हणून रडत होती. प्रशिक्षक गुडघ्यावर बसला, बकल उघडलं, बुटात शिरलेली पँटची कड बाहेर काढली, मोज्याची सुरकुती ताणून सरळ केली आणि बकल पुन्हा लावलं. थोड्या वेळात ती मॅजिक कार्पेटवर, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, उभी होती. बुटात पाय आणि एक पातळ मोजा, बाकी काही नको.

दुसरी गोष्ट भीतीची. घाबरलेला माणूस मागे झुकतो, मग स्कीच्या टोकांवर वजन येत नाही आणि वळणच घेता येत नाही. 'मागे झुकू नका' म्हणून उपयोग नसतो. 'नडगी बुटाच्या जिभेला टेकवा' म्हटलं की शरीर आपोआप पुढे येतं. अशा युक्त्या अनुभवी माणसामागे उभं राहूनच कळतात, म्हणून गटात किती जण असतील हेही विचारा. मोठ्या गटात तुमची पाळी येईपर्यंत दिवस संपतो.

बूट मात्र स्वतःचे घ्या, तेही तिथे पोचल्यावर बूट-फिटरकडून बसवून. स्की भाड्याने चालतात. विम्यात ऑफ-पिस्ट (आखलेल्या उतारांबाहेरचं स्कीइंग) आणि प्रशिक्षण दोन्ही धरलंय का, हे वाचून बघा. सनशाइनच्या डेलिरियम डाइव्ह या अवघड उताराला बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र) आणि फावड्याशिवाय जाऊ देत नाहीत. तिकडे जायची हौस असेल तर हिमस्खलन सुरक्षेचा कोर्स आधी करा.

'नोकरीची हमी' असं लिहिलेलं दिसलं तर ती मुलाखतीची हमी आहे की कामाची, हे स्पष्ट करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम करायचा परवाना मिळाला असं नाही, त्याचा व्हिसा वेगळा. परीक्षेची फी, नापास झाल्यास पुन्हा बसायचा खर्च आणि लिफ्ट पास कोर्सनंतर किती दिवस चालेल, ही तीन उत्तरं पैसे भरण्याआधी लेखी मागा.