गुलाबी गिटार आणि हलणारा स्टड

केसचं झाकण उघडलं आणि गिटारी दुरुस्त करायच्या माझ्या गिरगावातल्या खोलीत ट्यूबलाइटची गरज उरली नाही. झगझगीत गुलाबी बॉडी, टोकदार हेडस्टॉक, तारा धरणारा आणि दांडीने हलवता येणारा काळा फ्लॉइड रोझ ब्रिज आणि त्याच्याजवळ तिरपा बसवलेला, तारांचा आवाज उचलणारा एकच हमबकर पिकअप. १९८५ सालच्या एखाद्या पोस्टरमधून उतरलेली वाटावी, पण होती नवी कोरी. घेऊन आलेले काका बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. सोबत मुलगी, निवृत्तीची भेट म्हणून गिटार तिनेच घेऊन दिलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्ल्यात कॉलेजच्या मित्रांचा कार्यक्रम, आणि गिटार काही केल्या सुरात राहत नव्हती.

"दांडी दाबली की सगळं बेसूर," काका म्हणाले. "फ्लॉइड रोझचा सूर हलत नाही म्हणतात ना? मग हे काय?"

म्हणतात ते खोटं नाही. या ब्रिजचं पेटंट १९७९चं. तारा मानेच्या टोकाला नटपाशीही आवळलेल्या आणि ब्रिजवरच्या सॅडलमध्येही, त्यामुळे दांडी कितीही दाबा, तार कुठे सरकायला जागाच नाही. न्यू जर्सीच्या क्रेमर कंपनीने हा ब्रिज आपल्या गिटारींवर सर्रास बसवला आणि ऐंशीच्या दशकातल्या त्या भडक गिटारींची तीच ओळख झाली. पण ब्रिज स्वतः बॉडीत रोवलेल्या दोन स्टडवर, म्हणजे जाड स्क्रूंवर, नुसता टेकलेला असतो, आपल्या धारेवर. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने मागच्या स्प्रिंगा. तराजूच तो. सेटअप करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर महागातली महाग गिटार वाया.

मी आधी दांडी दाबून सोडली. सहाही तारा थोड्या उतरलेल्या. मग वर ओढून सोडली, तर सहाही चढलेल्या. एकच तार हलली असती तर मी नटचे आणि सॅडलचे स्क्रू बघितले असते. सगळ्या एकदम हलतात तेव्हा ब्रिजच जागेवर परत येत नाही असं समजायचं. धारा तपासल्या, ठीक होत्या. मग खर्जाच्या बाजूच्या स्टडवर बोट ठेवून मुलीला दांडी हलवायला सांगितली. बोटाखाली स्टड झुलत होता. अगदी किंचित, केसाएवढा. तेवढा पुरतो.

"तारा कुठे बदलल्यात?"

एका दुकानात बदलून घेतल्या होत्या. आवाज भरदार येईल म्हणून तिथे ११ नंबरचा, म्हणजे जाड तारांचा सेट चढवून दिला होता. ९च्या सेटची एकूण ओढ साधारण ३८ किलो, ११ची पन्नासच्या वर. ती सावरायला मागच्या स्प्रिंगाही करकचून आवळलेल्या. हा सगळा भार येतो दोन स्टडवर, आणि बॉडी बासवुडची, म्हणजे मऊ. त्यात एवढ्या ओढीवर कुणीतरी स्टडची उंचीही फिरवलेली दिसत होती, स्क्रूच्या खाचा सांगत होत्या. अशा कामाला मी सेटअप म्हणत नाही.

तारा उतरवल्या, ब्रिज काढला, स्टडची धातूची बाही बाहेर ओढली. ती हातानेच निघाली, यातच सगळं आलं. भोक साफ करून मेपलची खुंटी ॲराल्डाइट लावून बसवली. झटपट सुकणारं चिकटवणं इथे वापरत नाही, रात्रभर थांबायचं.

सकाळी भोक पुन्हा पाडून बाही ठोकून बसवली. तेवढ्यात दोघंही आले आणि खरी भानगड सुरू झाली. नवी खुंटी, संध्याकाळी कार्यक्रम, शिवाय एका गाण्यात काकांना जाडी तार ई सुरावरून डी वर उतरवायची होती. तरंगत्या, म्हणजे दोन्हीकडे झुलणाऱ्या ब्रिजवर एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात. म्हणून मी बॉडीच्या मागच्या खाचेत, ब्रिजखाली लोंबणाऱ्या ठोकळ्याच्या मानेकडच्या अंगाला, लाकडाचा तुकडा बसवायचं ठरवलं. दांडी खाली जाईल, वर येणार नाही.

काका नाराज. "वर ओढता येत नाही तर ऐंशीची गिटार कसली?"

हा गैरसमज मी अनेकांचा बघितलाय. त्या काळचा गाजलेला गिटारवादक एडी व्हॅन हेलन, त्याच्या लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या गिटारीचा ब्रिज तरंगत नव्हताच. तो मागे कलू नये म्हणून त्याने ब्रिजखाली १९७१ सालचं पाव डॉलरचं नाणं स्क्रूने ठोकलं होतं. खाली खोल खाच कोरून दांडी मनसोक्त वर ओढायची सोय गाजली ती दशक संपत आल्यावर, १९८७ला आयबनेझ कंपनीने गिटारवादक स्टीव्ह वायसाठी जेम नावाची गिटार काढली तेव्हा. आजचे कारखाने ते भडक रूप आणि ही खाच दोन्ही एकाच बॉडीत घालतात. शिवाय मानेवरच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, स्टेनलेस स्टीलचे देतात, ते तेव्हाच्या या गिटारींना नव्हते. माझं म्हणाल तर बनावटीला नवीच बरी. रंगाचं मात्र जपावं लागतं, असे झगझगीत रंग उन्हात लवकर विटतात.

नाण्याची गोष्ट ऐकून काका खुलले. त्यांच्या वेळी हातात होती कोलकात्याची गिव्हसन. सायकलच्या दुकानातून रंग आणून, चिकटपट्ट्या लावून तिच्यावर त्यांनी पट्टे ओढले होते.

"एडीनेही सायकलचाच रंग वापरला होता," मी म्हणालो.

"मग नाणंच लाव ना रे!"

या ब्रिजखाली खाच आहे, नाणं टेकणार कशावर, हे समजावता समजावता माझा चहा गार झाला. शेवटी लाकडावर तडजोड झाली. ९चा सेट चढवला, स्प्रिंगा ठोकळा तुकड्याला घट्ट टेकेल इतपतच आवळल्या. काकांनी दांडी तारा लोंबेपर्यंत दाबली आणि सोडली. मुलीने ट्यूनर धरला होता. सहाही जागेवर. जाडी तार डीवर उतरवली, बाकीच्या ढिम्म.

काका जिना उतरायला लागल्यावर मुलीने हळूच विचारलं, "कार्यक्रमानंतर तो तुकडा काढता येईल ना? मला वर ओढायलाही हवंय."

दहा मिनिटांचं काम, मी सांगितलं. जिन्यातून आवाज आला, "हात लावायचा नाही!"