वर्धापनदिनाचे जेवण आणि बिनशर्त देणगी

कँटन, मिशिगन. शनिवार, मध्यरात्र उलटून गेल्यावर.

आज डिअरबॉर्नमध्ये अरबी संगीत शिकवणाऱ्या आणि सादर करणाऱ्या एका कलासंस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त ठेवलेल्या निधिसंकलन भोजनाला जाऊन आले. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे लिहायचे आहे ते पैशाविषयी आहे आणि दुसऱ्यांच्या हिशेबाची चर्चा त्यांच्या नावानिशी करण्याचा मला अधिकार नाही. कार्यालयातील एका लेबनीज सहकाऱ्याने दहा जणांचे टेबल घेतले होते आणि त्यातील दोन खुर्च्या आम्हा उभयतांना दिल्या होत्या. शेजारी त्याच्या आई बसल्या होत्या. त्यांना मी 'खालतो', म्हणजे मावशी, म्हणते, आणि त्या माझी ताटली रिकामी राहू देत नाहीत.

डिअरबॉर्नची लोकसंख्या सुमारे १ लाख १० हजार आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक लोक अरब वंशाचे आहेत. ही वस्ती मोटारगाड्यांच्या कारखान्यांभोवती वाढली. १९१४ साली हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, तेव्हा उस्मानी साम्राज्याच्या सीरिया प्रांतातून आलेले तरुण हायलँड पार्कच्या कारखान्याकडे वळले. तेथे १९२१ मध्ये एक मशीदही उभी राहिली. पुढे रूज नदीकाठी अवाढव्य कारखाना झाला आणि कामगारांची घरे त्याच्या मागोमाग डिअरबॉर्नच्या दक्षिण टोकाला गेली. नंतर युद्धांमुळे दक्षिण लेबनॉनमधून, येमेनमधून, इराकमधून माणसे येत राहिली. आजच्या सभागृहात या सगळ्या लाटा शेजारी शेजारी बसल्या होत्या. मॅरोनाइट आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते, शिया होते, सुन्नी होते. 'अरब' म्हटले की केवळ मुसलमान डोळ्यांपुढे येणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हे पाहायला मिळायला हवे, असे मला पुन्हा वाटले.

जेवणाआधी तख्त झाले. पाच वाद्यांचा हा पारंपरिक मेळ म्हणजे ऊद (आखूड मानेचे तंतुवाद्य), कानून, नय (बोरूची बासरी), व्हायोलिन आणि रिक (खंजिरी). आमचे टेबल मंचाच्या उजव्या अंगाला असल्यामुळे कानून वाजवणाऱ्या बाईंचे हात मला अगदी जवळून दिसले. आपल्या स्वरमंडळाची थोरली बहीण शोभावी असे हे वाद्य, पण गायकाच्या मागे नुसता झंकार देत राहण्यावर ते समाधान मानत नाही. प्रत्येक स्वराला तीन तारा याप्रमाणे सत्तरहून अधिक तारा आणि डाव्या कडेला तारांखाली पितळी पट्ट्यांची दाट रांग. दोन्ही तर्जनींवर धातूच्या अंगठ्या आणि त्यांत अडकवलेल्या नख्या. वाजवता वाजवताच डावा हात मध्येच सुटून एखादी पट्टी वर करतो किंवा खाली पाडतो, तारेची लांबी किंचित बदलते आणि स्वर अर्ध्या पायरीच्याही अर्ध्याने सरकतो. रास्त या मकामातला, म्हणजे अरबी रागातला, गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधोमध उभा असतो. लहानपणी हार्मोनियमवर पलटे घोटलेल्या माझ्या कानाला तो आरंभी बेसूर वाटला. तिसऱ्या आवर्तनापर्यंत मात्र दुसरा कोणताही गंधार तेथे चालला नसता अशी खात्री पटली. मग समाई ही ठरावीक तालातली वाद्यरचना वाजली. दहा मात्रांचा ताल म्हणून मी हातावर झपताल धरला आणि तो लगेच फसला, कारण झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन असे पडतात आणि समाईचे तीन-दोन-दोन-तीन असे. खालतोंनी माझा हात पाहिला, हसल्या आणि टेबलावर बोटांनी बरोबर ठोका दाखवला. मागच्या टेबलांवरून 'अल्ला', 'या सलाम' अशी दाद येत होती. दाद देण्याच्या बाबतीत ही मंडळी आपल्या जाणकार मैफलींच्या तसूभरही मागे नाहीत.

त्यानंतर भाषणे झाली. ती बहुतेक सारी 'सेतू' बांधण्याविषयी होती. अरबी संगीत ऐकल्याने गैरसमज दूर होतात, शेजाऱ्यांत सलोखा वाढतो, मुलांना ओळख मिळते, इत्यादी. यात खोटे काही नाही, पण मला थोडा कंटाळा आला आणि थोडे वाईटही वाटले. व्हिएन्नाचे संगीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदाला आपण कोणाचे गैरसमज दूर करतो हे देणगीदारांना सांगावे लागत नाही. २००१ च्या सप्टेंबरनंतर या देशात अरब नावाच्या प्रत्येक संस्थेवर आपण निरुपद्रवी आणि उपयुक्त आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे पडले, आणि त्या काळात शिकलेली भाषा आजही भाषणांतून गेलेली नाही. त्यातच गाझा आणि लेबनॉनमधल्या वार्तांमुळे अनेकांच्या मनात आपण येथे भरल्या ताटावर बसावे काय, हा प्रश्न होता. एका वक्त्याने तो उघड विचारला, याचे मला बरे वाटले.

खजिनदार मात्र सेतूविषयी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी तालमीच्या जागेचे भाडे, शिक्षकांचे मानधन, विमा आणि वाद्यांची दुरुस्ती एवढेच सांगितले. कानूनची घोडी चामड्याच्या पातळ पडद्यांवर टेकलेली असते. मिशिगनच्या हिवाळ्यात घरे तापवल्यावर हवा इतकी कोरडी होते की हे पडदे ताणले जाऊन फाटतात, आणि ते बदलणारा कारागीर गावात मिळत नाही. अशा गोष्टीला अनुदान कोण देणार? सरकारी आणि मोठ्या प्रतिष्ठानांची अनुदाने बहुधा प्रकल्पांना मिळतात. अमुक शाळांत तमुक कार्यशाळा, ठरलेल्या मुदतीत अहवाल, आणि त्या प्रकल्पापलीकडे एक डॉलरही वळवता येत नाही. शिवाय हा पैसा कधी आटेल याचा नेम नाही. २०२५ च्या मे महिन्यात राष्ट्रीय कला निधी (एनईए) या केंद्र सरकारच्या संस्थेने मंजूर केलेली अनेक अनुदाने एका ई-मेलसरशी मागे घेतली आणि देशभरच्या लहानमोठ्या कलासंस्था हवालदिल झाल्या. अरब संस्थांची आणखी एक अडचण आहे. अमेरिकेच्या शासकीय नोंदींत अरब माणूस आजवर 'गोरा' गणला गेला. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा स्वतंत्र वर्ग करण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला आणि तो जनगणनेपर्यंत पोहोचायचा आहे. अनुदानाच्या अर्जात 'आपण कोणत्या समाजासाठी काम करता, त्याची आकडेवारी द्या' असा रकाना येतो, तेव्हा हजारो माणसे डोळ्यांसमोर असूनही या संस्थांकडे दाखवायला पुरेसा सरकारी आकडा सहसा नसतो.

म्हणून हे जेवण. वर्षभरात हाती येणाऱ्या पैशांपैकी कोणत्याही अटीविना येणारा मोठा पैसा हाच असतो, आणि संस्थेचे दिवे त्यावरच लागतात. आमच्याच टेबलावर एका तरुणाने 'एवढा खर्च जेवणावळीवर करण्यापेक्षा तो थेट संगीताला का देत नाहीत' असे विचारले. प्रश्न वाजवी आहे, पण न जेवता घरबसल्या तेवढाच धनादेश पाठवणारी माणसे फार थोडी असतात, हे आमच्या मराठी मंडळाच्या वर्गणीच्या वहीवरून मी त्याला शपथेवर सांगू शकले असते.

मुसलमान देणगीदारांच्या बाबतीत एक बारकावा खालतोंच्या बोलण्यातून कळला. जकात कोणाला द्यावी याचे आठ हक्कदार कुराणात सांगितलेले आहेत. गरीब आहे, कर्जबाजारी आहे, वाटसरू आहे, परंतु वादक त्यांत नाही. त्यामुळे घरातून दरवर्षी नियमाने निघणारा धार्मिक पैसा संगीताकडे सहसा येत नाही. येथे येतो तो हौसेचा आणि अभिमानाचा पैसा, आणि त्याला आधी दवाखान्याशी, निर्वासितांच्या मदतीशी व आता युद्धग्रस्त नातलगांशी स्पर्धा करावी लागते. डिअरबॉर्नचा क्रमही तसाच राहिला आहे. १९७१ मध्ये 'ॲक्सेस' ही संस्था निघाली ती नवागतांना अर्ज भरून देण्यासाठी, इंग्रजी शिकवण्यासाठी, काम शोधून देण्यासाठी. तिच्याच पुढाकाराने मिशिगन अव्हेन्यूवरचे अरब अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालय उघडले ते २००५ साली. पोटापाण्याच्या सोयीनंतर कलेला स्वतःचे छप्पर मिळायला चौतीस वर्षे लागली, आणि त्यात कोणाचा दोष आहे असेही मला वाटत नाही.

शेवटी फलक उंचावण्याचा कार्यक्रम झाला, म्हणजे पुकारलेली रक्कम ज्याला द्यायची असेल त्याने हातातला फलक वर करायचा. निवेदक मोठ्या रकमेपासून सुरुवात करतो आणि पायरीपायरीने खाली येतो. पहिला फलक बहुधा आधीच ठरलेला असतो, म्हणजे सभागृहाला धीर येतो. वरच्या दोन पायऱ्यांवर टाळ्या फार आणि फलक मोजके होते. खरी गर्दी शंभर डॉलरच्या पायरीवर उसळली, तेव्हा स्वयंसेवकांना आकडे टिपून घेणे जमेना. हीच संस्थेची खरी माणसे असावीत. त्यांची मुले शनिवारी सकाळी तेथे ऊद शिकायला जातात. खालतोंनी आपला फलक नातवाच्या हाती दिला होता आणि त्याने तो निवेदकाने पुढचा आकडा उच्चारेपर्यंत खाली घेतला नाही.

आम्हीही शंभराच्या पायरीवर फलक वर केला. पावतीबरोबर मिळालेल्या कागदावर प्रवेशमूल्यातील जेवणाची किंमत वजा करून उरलेलीच रक्कम करमाफीस पात्र असल्याचे छापले होते. ७५ डॉलरपेक्षा अधिक रक्कम घेऊन मोबदल्यात जेवण देणाऱ्या संस्थेला तसे लेखी कळवावे लागते. देणगी कशासाठी वापरावी, या रकान्यात तीन पर्याय होते. विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, वार्षिक मैफल आणि 'संस्थेला योग्य वाटेल तेथे'. यांनी पेन शिष्यवृत्तीवर टेकवले होते, ते मी थांबवले आणि तिसऱ्या चौकटीत खूण केली. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाची वार्षिक सभा आहे. देणगीच्या अर्जात आम्ही नाट्यप्रयोग, मराठी शाळा आणि गणेशोत्सव एवढेच रकाने ठेवतो, आणि गोदामाचे भाडे दरवर्षी कोणीतरी सदस्य गुपचूप खिशातून भरतो. चौथा रकाना घालण्याची सूचना मी मांडणार आहे, आणि खजिनदारांना ती सभेआधीच फोन करून सांगणार आहे.