दोनच शब्द

यंदा पंधरा ऑगस्टला सोसायटीत झेंडावंदन झालं आणि पाहुण्यांनी माईक धरला. "फक्त दोनच शब्द बोलतो," म्हणाले. पाव तास होऊन गेला, जिलबीच्या खोक्यांभोवती पोरं घिरट्या घालायला लागली, तरी ते दोन शब्द काही येईनात. बरं, बोलणं आमच्याशी चाललंय म्हणावं तर तेही नाही. समोर एक पोरगा मोबाइल धरून उभा होता, सगळा आवेश त्याच्याकडे बघून.

मला फेलिक्स वॉकर आठवले. हे अमेरिकेच्या काँग्रेसमधले नॉर्थ कॅरोलायनाचे सभासद. साल १८२०. मिसुरीला गुलामगिरीसकट राज्य म्हणून घ्यायचं की नाही, यावर वाद घालून सभागृह दमलं होतं. "मत घ्या, मत घ्या" असा ओरडा चाललेला, आणि नेमके तेव्हा वॉकर बोलायला उठले. सगळे 'बसा' म्हणत असताना त्यांनी सरळ सांगून टाकलं की, मतदारसंघातल्या लोकांची अपेक्षा आहे, मला बंकमसाठी बोलायचंय. बंकम हा त्यांच्याकडचा जिल्हा. झालं! मनात काही नसताना नुसतं दाखवायला केलेल्या भाषणबाजीला इंग्रजीत 'बंकम' म्हणायला लागले. पुढे स्पेलिंगही सुटसुटीत झालं. मग त्याचं आखूड 'बंक', आणि १९२३मध्ये विल्यम वुडवर्ड या लेखकानं त्यावरून 'डीबंक' काढला. आज कुणाची थाप उघडी पाडायची तर हाच शब्द.

वाईट वाटतं ते कर्नल एडवर्ड बंकमचं. जिल्ह्याला नाव त्याचं. स्वातंत्र्ययुद्धात जखमी होऊन ब्रिटिशांच्या हाती सापडला, कैदेतच गेला. आणि नाव उरलं कशाला, तर बाताड्यांच्या बडबडीला!

वॉकरना मात्र मी ढोंगी म्हणणार नाही. आपण कुणासाठी बोलतोय, हे त्यांनी निदान तोंडावर सांगितलं. इंग्रजीतला ढोंगाचा शब्द निघाला तो एका कबुलीतून.

तेवढ्यात मोबाइलवाल्या पोरानं हात खाली घेतला आणि अंगठा दाखवला. पाहुणे "हुतात्म्यांच्या रक्ताचा थेंब न् थेंब" इथवर आले होते. थेंबांचं काय ते सांगितलंच नाही. "जय हिंद" म्हणून त्यांनी माईक सेक्रेटरींच्या हातात दिला.

जिलबी गार झाली होती.