शिंदखेड्याहून सुरतेला गेलेल्या पणजोबांच्या मागावर

पणजोबा तापीकाठचं गाव सोडून सुरतेला गेले आणि तिकडचेच झाले. घरात एवढंच माहीत. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये गेले असतील, असं वडील म्हणायचे. दिवाळीनंतर खानदेशात जाऊन कागद शोधले. सुरत, मुंबईकडे स्थिरावलेल्या बऱ्याच खानदेशी घरांना हे करायचं असतं, म्हणून सविस्तर सांगतो.

निघण्याआधी जुना भूगोल पक्का करा. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव. पश्चिमेत धुळे आणि १९९८ साली वेगळा झालेला नंदुरबार. तालुकेही बदललेत. १८८० च्या गॅझेटियरमध्ये शिंदखेडा तालुका सापडणार नाही, तिथे विरदेल आहे. साक्रीच्या जागी पिंपळनेर, रावेरच्या जागी सावदा, जळगावच्या जागी नशिराबाद. आपलं गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं ते कळलं नाही, तर चुकीच्या गठ्ठ्यांत दिवस जातो.

मी उधना-जळगाव मार्गाच्या गाडीने शिंदखेड्याला उतरलो. पणजोबा उलट दिशेने याच मार्गाने गेले असणार, हे रूळ १९०० च्या सुमाराचेच.

गावात आधी घर शोधलं. पारावर एका आजोबांनी विचारलं, "कोना घरना शेतस भाऊ?" (कोणाच्या घरचे तुम्ही?) पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं तेव्हा भाऊबंदांच्या दारात नेऊन सोडलं. नुसतं 'पाटील' सांगून काही उपयोग नव्हता, निम्मं गाव पाटील. कागदांतही तसंच. जुन्या नोंदी 'अमुक वल्द तमुक', म्हणजे अमुक तमुकचा मुलगा, अशा असतात, आडनाव कित्येकदा नसतंच. म्हणून निदान तीन पिढ्यांची नावं आणि कूळ लिहून न्या.

शाळेत काही मिळालं नाही. गावची शाळा नंतरची निघाली. तुमच्या पूर्वजांच्या काळी शेजारच्या मोठ्या गावात शाळा असेल, तर प्रवेश-निर्गम रजिस्टर तिथे विचारा.

खरा धागा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये लागला. गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्म-मृत्यू असतात. साध्या कागदावर अर्ज, त्यावर कोर्ट फी तिकीट, आणि गाव व वर्षांचा पट्टा स्पष्ट लिहिलेला, एवढं नीट असलं की काम सरकतं. नोंदी मोडी लिपीत होत्या. मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस आधीच ठरवून ठेवा; तहसीलबाहेरचे अर्जनवीस सांगू शकतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी बरीच जुनी दप्तरं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत, ती घरूनच आधी चाळा. मार्चअखेर आणि निवडणुकीचे दिवस मात्र टाळा.

त्या बुकात पणजोबांना गावातच मुलगी झाल्याची नोंद आहे, दुष्काळानंतर चार वर्षांनी. म्हणजे ती भयंकर वर्षं त्यांनी गावातच काढली आणि नंतर गेले. आजोबा सुरतेत जन्मले, त्यामुळे जाण्याचा काळ दोन जन्मांच्या मधे येऊन थांबला. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचून घेतली. त्या आत्याआजीचं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलेलं नाही.

यानंतर जमीन. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, त्यामुळे त्यापुढचे फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, पाहायलाच हवेत. गाव सोडलेल्या माणसाचा माग इथे सर्वांत चांगला लागतो, कारण बाप वारला की सगळ्या मुलांची नावं वारसांत घालावी लागत. आमच्या वारस नोंदीत थोरले भाऊ कब्जेदार, आणि पणजोबांच्या नावापुढे 'हल्ली राहणार सुरत'. धुळे जिल्ह्याचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर शोधता येतात. गट क्रमांक नवे आहेत, म्हणून जुना सर्व्हे नंबर तलाठ्याकडून काढून घ्या.

परतीच्या वाटेवर नाशिकला उतरलो. रामकुंडावर तीर्थपुरोहितांकडे गाव आणि जातीवार नामावळी असतात. आपल्या गावाचे उपाध्ये कोण ते विचारत जायचं. गुरुजींनी वही उघडली. वडिलांच्या अस्थी घेऊन तिघे भाऊ आलेले, आणि पणजोबांच्या नावाखाली गाव व सुरत दोन्ही लिहिलेलं. म्हणजे गाव सुटलं होतं, पण भाऊ तुटले नव्हते. मला हे कळणं जमिनीच्या कागदापेक्षा मोठं वाटलं. फोटो परवानगी घेऊनच काढा, दक्षिणा द्या, आणि हयात पिढीची नावं नीट लिहवून घ्या.

आता सुरत महापालिकेत आजोबांची जन्मनोंद पाहायची आहे. तिथे बापाचा धंदा लिहिलेला असेल, तर पणजोबा शहरात काय काम करत होते ते कळेल.