सात दिवसांची अर्जित रजा, अकरा महिन्यांची पायपीट

माझ्या दुय्यम सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकाच्या माझ्याकडच्या प्रतीत, एक ओळ आहे. ‘उन्हाळी सुट्टी 2024, निवडणूक कर्तव्य, अर्जित रजा 7 दिवस जमा.’ खाली गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही आणि शिक्का. अर्ज दिला 8 जुलै 2024 ला, नोंद झाली 12 जून 2025 ला. वर्ष होत आलं तरी त्या टेबलांचा राग गेलेला नाही. जनगणनेच्या घरयादीचं काम 2026 च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, प्रत्येक राज्यात 30 दिवस, असं ठरलं आहे. ते ज्यांच्या सुट्टीत येईल त्यांना माझ्यासारखं फिरावं लागू नये, म्हणून सगळं लिहून ठेवते.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि आमच्या गावातल्या एका मतदान केंद्राची बीएलओ, म्हणजे त्या केंद्राची मतदार यादी सांभाळणारी अधिकारी आहे. 2024 ची लोकसभा आमच्याकडे 13 मेला होती. शाळांना सुट्टी लागली 2 मेला, आणि त्याच दिवशी सकाळी मतदार चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात आला. 1,187 चिठ्ठ्या, घरोघर. घरातल्या सज्ञान माणसाच्या हातात द्यायची, वहीत तारीख टाकून सही किंवा अंगठा घ्यायचा. गावठाण दोन दिवसांत होतं. वस्त्या संपत नाहीत. एका वस्तीवरून दुसरी वस्ती दीड-दोन किलोमीटर, आणि दुपारी बारानंतर उन्हात कोणी दार उघडत नाही. घरी बघायला कोणी नव्हतं म्हणून सहावीतली मुलगी गाडीवर मागे बसायची. यादी तिच्या मांडीवर. मी सही घेतली की ती नावासमोर हिरव्या पेनाने बरोबरची खूण करायची. तिला मामाकडे जायचं होतं, ती सुट्टी अशी गेली. मग 85 वर्षांवरच्या मतदारांच्या घरी मतदान घ्यायला आलेल्या पथकाला वाट दाखवणं, 12 तारखेला केंद्रावर हजर राहणं, 13 ला सकाळी सहापासून मदत कक्षात यादी घेऊन बसणं, 14 ला वही आणि उरलेल्या चिठ्ठ्या तहसीलला जमा करणं. 2 ते 14, तेरा दिवस.

कामाबद्दल तक्रार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या कामांना शिक्षक लावता येतो असं स्पष्ट लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सांगितलं की मतदार यादीची कामं शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी करून घ्यावीत. मुलांच्या दृष्टीने ते योग्यच आहे, वर्ग रिकामे राहत नाहीत. पण म्हणून आमच्या सुट्टीचा हिशोबच ठेवायचा नाही का?

हिशोब नियमात आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपण दीर्घ सुट्टीचे कर्मचारी, म्हणून इतरांना वर्षाला 30 दिवस मिळते ती अर्जित रजा आपल्याला मिळत नाही. पण वरिष्ठांच्या आदेशामुळे सुट्टी घेता आली नाही, तर 1981 च्या रजा नियमांप्रमाणे त्या प्रमाणात अर्जित रजा जमा होते. माझी त्या वर्षीची उन्हाळी सुट्टी 44 दिवस आणि दिवाळीची 14, एकूण 58. त्यातले 13 दिवस काम. 30 गुणिले 13 भागिले 58 केलं की 6.72 येतात, म्हणजे 7 दिवस. निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळतात, 300 दिवसांपर्यंत. दर उन्हाळ्यात सात-आठ दिवस सोडून देत गेलो तर वीस वर्षांत किती होतात, ते प्रत्येकाने आपलं आपण मोजावं.

अर्ज मुख्याध्यापकांनी शिफारस करून दिला, केंद्रप्रमुखांनी पुढे पाठवला, पंचायत समितीत पोहोचला. ऑगस्टमध्ये शेरा मारून परत आला: ‘सुट्टी कालावधीत प्रत्यक्ष काम केल्याचे सक्षम प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सोबत नाही.’ मी नेमणुकीचा आदेश जोडला होता. आस्थापनेच्या टेबलावर विचारलं तर उत्तर मिळालं, “मॅडम, आदेश म्हणजे काम सांगितलं. केलं कशावरून?” बोचलं, पण मुद्दा चुकीचा नव्हता. मी तहसीलला गेले, आणि तिथे अडकले ती मार्चपर्यंत.

निवडणूक शाखेतल्या भाऊसाहेबांचं पहिलं वाक्य: “बीएलओला मानधन मिळतं ना? मग रजा कसली?” तेव्हा मानधन वर्षाला 6,000 रुपये होतं. (ऑगस्ट 2025 मध्ये निवडणूक आयोगाने 12,000 केलं.) ते वर्षभराच्या कामाचं असतं, नावं चढवणं, वगळणं, दुरुस्त्या, सगळ्याचं. बुडालेल्या सुट्टीची भरपाई रजेने होते, ती नियमात वेगळी सांगितली आहे. हे मी दोनदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, साहेब आले की बघू. साहेब दौऱ्यावर.

पुढच्या वेळी अडचण तारखांची निघाली. बीएलओची नेमणूक ‘पुढील आदेशापर्यंत’ असते, आदेशात 2 मे ते 14 मे असं कुठेच नाही. “मी तारखा कुठून आणू?” मी म्हटलं, वही तुमच्याकडेच जमा आहे, प्रत्येक पानावर तारीख आणि पर्यवेक्षकांची सही आहे. त्यांनी कपाटाकडे बोट केलं. वरपासून खालपर्यंत लाल रुमालात बांधलेले गठ्ठे. “त्यात आता कोण शोधणार, मॅडम?”

इथे माझी चूक सांगते. वही जमा करताना मी तिचे फोटो काढले नव्हते आणि पोचही घेतली नव्हती. 14 मेला रात्रीचे साडेआठ वाजले होते, सगळ्यांना घरी जायचं होतं. पाच मिनिटं थांबून पानांचे फोटो काढले असते, तर पुढचे सहा महिने वाचले असते. घरयादीला जाणाऱ्यांनी रोज संध्याकाळी फोटो काढायचेच. शेवटच्या दिवशी भान राहत नाही.

ऑक्टोबरच्या 8 तारखेला मी रीतसर लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. 15 तारखेला विधानसभा जाहीर झाली. “आता आचारसंहिता, आता काही काढू नका.” आचारसंहितेचा आणि माझ्या मे महिन्यातल्या प्रमाणपत्राचा काय संबंध, हे मला आजही कळलेलं नाही. पण गप्प बसले, कारण त्याच शाखेतून मला पुन्हा चिठ्ठ्यांचा गठ्ठा घ्यायचा होता. 20 नोव्हेंबरचं मतदान झालं, 23 ला मोजणी झाली. डिसेंबरमध्ये गेले तर नायब तहसीलदारांची बदली झालेली. नवे साहेब सभ्य होते, बसायला सांगितलं, अर्ज वाचला आणि म्हणाले, “मी तेव्हा इथे नव्हतो. जे मी पाहिलं नाही त्यावर सही कशी करू?”

त्या दिवशी बसस्टँडवर मला रडू आलं. सात दिवसांच्या रजेसाठी नाही. उन्हात फिरलेले तेरा दिवस कुणाच्याच काळातले नव्हते, असं झालं होतं.

जानेवारीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, बाकी काही नाही. प्रश्न दोनच ठेवले: माझ्या 8 ऑक्टोबरच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, आणि तो कोणत्या टेबलावर किती दिवस होता. सोबत साध्या कागदावर दप्तर दिरंगाईच्या कायद्याची आठवण दिली. 2005 चा कायदा आहे, कोणाही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाचे सात दिवस सोडून पडून राहता कामा नये असं त्यात आहे. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. कागद दिला, पोच घेतली, घरी आले. नवव्या दिवशी फोन आला की मॅडम, येऊन जा.

साहेबांना मी एवढंच म्हटलं, “रावसाहेब, सही आपल्या नावाची नाही, पदाची हवी आहे. आणि आपण पाहिलं नसलं तरी आपल्या दप्तराने पाहिलंय.” त्यांनी भाऊसाहेबांना गठ्ठे काढायला सांगितले. तिसऱ्याच गठ्ठ्यात वही सापडली. जो शोध ऑगस्टपासून अशक्य होता, त्याला वीस मिनिटं लागली. वहीच्या कडा घामाने वळलेल्या, काही पानांवर जांभळ्या शाईचे अंगठे एकमेकांत मिसळलेले, आणि सगळीकडे माझ्या लेकीच्या हिरव्या खुणा. साहेब पानं उलटत गेले. 8 मेच्या पानावर थांबून म्हणाले, “एका दिवसात एकशे चाळीस घरं?” मी हो म्हटलं. त्यांनी लगेच प्रमाणपत्र करायला सांगितलं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात काही राग नाही.

मी ते प्रमाणपत्र मिरवत पंचायत समितीत नेलं आणि आठवड्यात ते परत आलं. त्यात लिहिलं होतं, ‘दि. 2/5/2024 ते 14/5/2024 या कालावधीत निवडणूकविषयक काम केले.’ आस्थापनेचं म्हणणं, काम केलं हे ठीक, पण त्यामुळे सुट्टीचा लाभ घेता आला नाही असं कुठे म्हटलंय? आणि 5 मे, 12 मे हे दोन रविवार वजा करावे लागतील. रविवार? 12 मेच्या रविवारी तर मतदानाचं साहित्य केंद्रावर येत होतं. शिवाय दीर्घ सुट्टीचे 44 दिवस मोजताना त्यातले रविवार धरतात, मग काम मोजताना ते कसे गळतात? खालची संख्या रविवार धरून आणि वरची सोडून, असा अपूर्णांक मी चौथीच्या मुलालासुद्धा मांडू देणार नाही. हे मी तिथे बोलले. टेबलावरचे बाकीचे वर बघायला लागले, पण रविवार वजा झाले नाहीत.

या वेळी मसुदा मीच लिहिला. टायपिंगवाल्याकडून दोन प्रती काढल्या आणि तहसीलला नेऊन दिल्या. मार्चमध्ये सही झाली. मग प्रस्ताव, टिपणी, मंजुरी, आणि जूनमध्ये सेवापुस्तकात नोंद. नोंद झाली म्हणून सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. मूळ सेवापुस्तक समोर घेऊन बघा आणि त्याच वेळी दुय्यम पुस्तकातही सहीशिक्क्यासह करून घ्या. आमच्या एका बाईंची नोंद मूळ पुस्तकात ‘झाली होती’, प्रत्यक्षात टिपणीवरच राहिली होती.

एक हिशोब माझ्या हाती लागला नाही, तोही सांगते. त्याच सुट्टीत जूनमध्ये आठ दिवस मी शाळेत जाऊन यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मुलांची माहिती भरली, आधारमधली नावं जुळवली, पहिलीच्या दाखलपात्र मुलांसाठी घरं फिरले. सकाळी नेट चालायचं म्हणून साडेसहाला जायचे. त्याचा एकही दिवस जमा झाला नाही, कारण आदेशच नाही. वॉट्सॲपच्या गटावर ‘आजच पूर्ण करावे’ एवढा निरोप. मे 2025 मध्ये तसाच निरोप आला तेव्हा मी खाली लिहिलं, ‘सर, काम करते. सुट्टीच्या कालावधीचा लेखी आदेश तारखांसह मिळावा ही विनंती.’ मुख्याध्यापकांना आवडलं नाही, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आदेश आला, सहा दिवसांचा. काम सुरू करण्याआधी मागितलेला कागद मिळतो. नंतर मागितला तर माझ्यासारखे अकरा महिने जातात.

ज्यांना लागेल त्यांच्यासाठी माझा मसुदा इथे देते. जनगणनेचं काम असेल तर ‘निवडणुकीचे’ काढून ते घाला. खासगी अनुदानित शाळेतल्यांनी आपल्या संस्थेतून अर्ज करावा, प्रमाणपत्राचा मजकूर हाच ठेवा.

‘प्रमाणित करण्यात येते की, श्रीमती ……, शाळा ……, यांनी उन्हाळी दीर्घ सुट्टीच्या कालावधीत दि. …… ते दि. …… (रविवारसह एकूण …… दिवस) या कार्यालयाच्या आदेश क्र. …… अन्वये निवडणुकीचे काम प्रत्यक्ष केले असून, सदर कामामुळे त्यांना उक्त कालावधीत दीर्घ सुट्टीचा लाभ घेता आलेला नाही.’

खाली पदनाम, गोल शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख. चारही दिसेपर्यंत टेबल सोडू नका.